जालना जिल्ह्यातील वारसा व निसर्गस्थळे

जालना जिल्हा हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जिल्हा असून प्राचीन नगरांचे अवशेष, यादवकालीन मंदिरे, निजामशाही व मुघल काळातील वास्तू, रणभूमी, संतस्थाने आणि जलाशय यांनी तो समृद्ध आहे. तरीही पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर तो येत नाही. पश्चिमेस वेरूळ व देवगिरी, वायव्येस अजिंठा, पूर्वेस लोणारचे सरोवर व सिंदखेडराजा अशा प्रसिद्ध स्थळांच्या मधोमध हा जिल्हा वसला आहे. या स्थळांकडे जाणारे प्रवासी जालन्यातून जातात, परंतु येथे थांबत नाहीत. या उपेक्षेचे आणखी एक कारण येथील वारशाच्या स्वरूपात आहे. येथे जे महत्त्वाचे आहे ते पुष्कळदा उभ्या इमारतीच्या रूपात उरलेले नाही. ते पांढरीच्या टेकाडात, नदीच्या उतारात किंवा शेताच्या बांधाखाली आहे आणि माहिती असल्याशिवाय ते दिसत नाही.

प्रशासकीय पार्श्वभूमी

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका एकत्र करून तो स्थापन करण्यात आला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके अस्तित्वात आले आणि तालुक्यांची संख्या आठ झाली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकासाठी ही माहिती केवळ औपचारिक नाही. भोकरदन किंवा अंबडविषयीच्या जुन्या नोंदी औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सापडतात, तर परतूर, आष्टी व मंठा या भागाच्या नोंदी परभणीच्या गॅझेटियरमध्ये शोधाव्या लागतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने त्यापूर्वीचे बरेचसे दप्तर फारसी व उर्दू भाषांत आहे. एकाच जिल्ह्याचा इतिहास असा तीन ठिकाणी विखुरल्यामुळे तो सलगपणे क्वचितच मांडला गेला.

भूगोल व नद्या

जिल्ह्याची भूमी दख्खनच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकाची आहे. उत्तरेस भोकरदन व जाफराबाद तालुक्यांत अजिंठ्याच्या डोंगररांगा उतरतात आणि दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पूर्णा, केळणा, जुई, गिरजा, दुधना व कुंडलिका या येथील प्रमुख नद्या होत. केळणा जाफराबाद येथे पूर्णेस मिळते, कुंडलिका दुधनेस मिळते, दुधना पुढे परभणी जिल्ह्यात पूर्णेत विलीन होते आणि अखेर हे सारे पाणी गोदावरीत जाते. पर्जन्यमान सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास असून अवर्षण हा येथील नित्याचा अनुभव आहे. जुन्या वस्त्या, लेणी, गढ्या व बारवा बहुतांशी नदीकाठी किंवा पाण्याच्या सोयीजवळ आढळतात, त्याचे कारण हेच.

आष्टी व परतूर परिसर

आष्टी हे परतूर तालुक्याच्या दक्षिण भागातील बाजारपेठेचे मोठे गाव आहे. याच नावाची अन्य गावे महाराष्ट्रात असल्याने गल्लत होण्याचा संभव असतो. बीड जिल्ह्यातील आष्टी हे तालुक्याचे ठिकाण आहे, वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२ च्या आंदोलनातील हुतात्म्यांमुळे ओळखले जाते, तर सोलापूर जिल्ह्यातील आष्टीजवळ २० फेब्रुवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. या घटनांचा परतूर तालुक्यातील आष्टीशी संबंध नाही.

शेगाव–पंढरपूर मार्ग लोणार, मंठा, परतूर व आष्टी या गावांवरून माजलगावकडे जातो. लोणार पाहून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशास हा मार्ग सोयीचा आहे. परतूर हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक आहे. हा मार्ग हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि त्यामुळे परतूर, सेलू व जालना या गावांच्या कापूस व धान्यबाजारास चालना मिळाली.

परतूर व मंठा तालुक्यांच्या पूर्व भागात निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी पसरते. धरणाची भिंत परभणी जिल्ह्यात सेलूजवळ असली तरी पाणलोटाचा मोठा विस्तार जालना जिल्ह्यात आहे. हिवाळ्यात या उथळ पाण्यावर बदके, बगळे, करकोचे व अन्य पाणपक्षी उतरतात. काठच्या शेतशिवारात काळविटांचे कळप दिसतात. शेतकऱ्यास त्यांचे कौतुक फारसे वाटत नाही, कारण कोवळ्या पिकांवर त्यांचा डोळा असतो. जलाशयासाठी या भागातील शेती व गावठाणे पाण्याखाली गेली, हेही येथील निसर्गसौंदर्याचे वर्णन करताना विसरता येत नाही.

मंठा तालुक्यातील हेलस या गावी जुनी मंदिरे व बारवांचे अवशेष आहेत. यादवांचा करणाधिप हेमाद्री पंडित याचे हे गाव, अशी स्थानिक परंपरा आहे. हेमाद्री हा महादेवराय यादव (राज्यकाल १२६१–१२७१) व त्यानंतर रामचंद्रराय यांच्या काळातील मंत्री होता. चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधलेल्या मंदिरांना 'हेमाडपंती' म्हणण्याचा प्रघात त्याच्या नावावरून पडला, परंतु या शैलीची कित्येक मंदिरे त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. गावोगावच्या फलकांवरील 'हेमाडपंती' या शब्दावरून मंदिराचा काळ ठरवणे म्हणूनच धोक्याचे असते.

भोकरदन : प्राचीन भोगवर्धन

केळणेच्या काठी वसलेले भोकरदन हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन नगर होय. जिल्ह्यातील हे सर्वाधिक प्राचीन आणि कदाचित सर्वाधिक दुर्लक्षित स्थळ आहे. मध्य प्रदेशातील सांची व भारहूत येथील स्तूपांवर दानकर्त्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. इसवी सनापूर्वीच्या काळात येथील लोक शेकडो मैल दूर असलेल्या स्तूपांच्या बांधकामास दान देत होते, यावरून नगराची संपन्नता व उत्तरेशी असलेला संपर्क लक्षात येतो. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथून अजिंठ्याच्या रांगा ओलांडून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या दृष्टीने भोगवर्धनाचे स्थान मोक्याचे होते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. सातवाहन काळातील घरांचे अवशेष, नाणी, मौल्यवान खड्यांचे मणी, शंखाच्या व हस्तिदंती वस्तू, तसेच भाजलेल्या मातीच्या मूर्ती त्यात मिळाल्या. मणी व हस्तिदंत यांचे कारागीर या नगरात काम करीत असावेत, असे त्यावरून अनुमान निघते.

या उत्खननात सापडलेल्या एका भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्तीने भोकरदनचे नाव इटलीपर्यंत नेले. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई या नगराच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले, त्यामुळे ही मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचली होती हे निश्चित होते. 'पाँपेईची लक्ष्मी' या नावाने प्रसिद्ध असलेली ही मूर्ती सध्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. भोकरदन येथील मूर्ती व धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेली हस्तिदंती मूर्ती यांचे तिच्याशी असलेले साम्य पाहून पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. दुसरीकडे, पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर असल्याने तिचा संबंध वायव्य भारताशी जोडणारेही अभ्यासक आहेत. मूर्ती कोठेही घडली असो, त्या काळच्या समुद्रापार व्यापाराच्या चर्चेत भोकरदनचा उल्लेख टाळता येत नाही.

गावात फिरताना यातील काहीही सहजी नजरेस पडत नाही. प्राचीन वस्तीच्या थरांवरच आजचे गाव उभे आहे. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. पांढरीची माती धाब्याच्या घरांच्या माळवदावर पसरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खणून नेली जात असे. काळी माती पाणी धरते, पांढरी पाणी मुरू देत नाही, हे त्यामागचे व्यवहारज्ञान होय. माळवदाची घरे आता कमी झाली, पण टेकाडांना आता भरावाच्या मातीसाठी मागणी असते. एकदा थर विस्कटला की त्यातील मण्याचा वा नाण्याचा काळ सांगता येत नाही. वस्तू संग्रहालयात पोहोचली तरी तिची साक्ष गेलेली असते.

गावाजवळ केळणेच्या काठी खडकात कोरलेले वैष्णव लेणे आहे. ते राष्ट्रकूट काळातील, सुमारे आठव्या शतकातील मानले जाते. वेरूळच्या तुलनेत ते अगदी लहान असले तरी मोठ्या राजाश्रयाच्या केंद्रांपासून दूर नदीकाठच्या गावातही लेणी खोदण्याची परंपरा पोहोचली होती, याचा तो पुरावा आहे.

अन्वा येथील मंदिर

भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील बाराव्या शतकाच्या सुमाराचे मंदिर हे जिल्ह्यातील मध्ययुगीन शिल्पकलेचे सर्वोत्तम उदाहरण आहे. सध्या येथे महादेवाची पूजा होते, परंतु बाह्यभिंतींवरील मूर्तींवरून ते मुळात विष्णुमंदिर असावे असे मानले जाते. कोरीव स्तंभांनी तोललेला मंडप आणि वर्तुळाकार थरांनी चढत गेलेले छत ही त्याची वास्तुवैशिष्ट्ये होत.

या मंदिराचे वेगळेपण मात्र विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्तींमध्ये आहे. शंख, चक्र, गदा व पद्म ही चार आयुधे चार हातांत वेगवेगळ्या क्रमाने दिल्यास चोवीस प्रकार होतात. केशव, नारायण, माधव इत्यादी विष्णूची चोवीस नावे या क्रमांनुसार ओळखली जातात. अन्वा येथे हीच आयुधे धारण केलेल्या स्त्रीमूर्ती कोरलेल्या आहेत, म्हणजे प्रत्येक विष्णुरूपाची शक्ती स्वतंत्रपणे दाखवण्याचा प्रयत्न आहे. अशी योजना महाराष्ट्रात अत्यंत विरळा आढळते. घाईने पाहणारास त्या साऱ्या सारख्याच देवी वाटतात, म्हणून आयुधांचा क्रम उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणेने वाचत जावे. अजिंठा–छत्रपती संभाजीनगर रस्त्यापासून अन्वा फार दूर नाही, तरी अजिंठ्याहून परतणारे पर्यटक येथे क्वचितच वळतात.

असई : १८०३ ची रणभूमी

केळणा व जुई या नद्यांच्या संगमाजवळ, भोकरदन–जाफराबाद परिसरात असई हे लहानसे गाव आहे. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धातील निर्णायक लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे झाली. एका बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले (दुसरे) यांचे सैन्य होते, तर दुसऱ्या बाजूस मेजर जनरल आर्थर वेलस्ली याची इंग्रज फौज होती. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला.

मोहिमेचा मार्ग आजच्या जालना जिल्ह्यातूनच गेला. कर्नल स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबर रोजी जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट झाली आणि दोन वेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करण्याचे ठरले. परंतु मराठ्यांचा तळ अपेक्षेपेक्षा जवळ असल्याचे २३ तारखेस कळताच वेलस्लीने स्टीव्हन्सनची वाट न पाहता चाल केली.

केळणा कोठे ओलांडता येईल, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न होता. जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांचे म्हणणे होते. पिंपळगाव व वरूड ही दोन गावे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर असल्याचे वेलस्लीने पाहिले आणि अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क केला. तर्क खरा ठरला व फौज पलीकडे गेली. लष्करी इतिहासात हा प्रसंग वेलस्लीच्या चातुर्याचा दाखला म्हणून येतो. त्यामागे दोन काठांवरच्या गावकऱ्यांची रोजची ये-जा होती, हे मात्र कोणी लिहीत नाही.

शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व अँथनी पोलमन या हानोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते. इंग्रज बगलेवर येत असल्याचे दिसताच या पायदळाने आपली संपूर्ण फळी वळवून नव्या दिशेस तोंड केले. अशी हालचाल ते करू शकेल, असे वेलस्लीस वाटले नव्हते. मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची मोठी हानी केली. असई गावाच्या फार जवळ गेलेली ७४ वी हायलँडर्स ही पलटण जवळपास नष्ट झाली. इंग्रजांचे सुमारे १,६०० सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्या फौजेचा सुमारे तिसरा हिस्सा. मराठ्यांची हानी याहून बरीच अधिक होती आणि त्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. दोन्ही सरदार घोडदळासह लवकर रणांगण सोडून गेले, परंतु गोलंदाज अखेरपर्यंत तोफांपाशी लढत राहिले, याची साक्ष प्रतिपक्षाच्या वृत्तांतांनीही दिली आहे. युद्धाची अखेर डिसेंबर १८०३ मधील देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तहांनी झाली.

या लढाईची आठवण म्हणून ७४ व्या पलटणीस हत्तीचे चिन्ह मिळाले आणि ब्रिटिश लष्करी परंपरेत 'असई' हे नाव दीर्घकाळ मिरवले गेले. प्रत्यक्ष असईस गेलेल्या प्रवाशास शेते, दोन नद्यांची पात्रे आणि गाव एवढेच दिसते. नकाशा हाती घेऊन नदीचा उतार, संगम व गाव यांची जागा ताडून पाहिल्यास लढाईचा पट आजही बराचसा उलगडतो. गोलंदाजांची नावे इतिहासात नाहीत.

जाफराबाद, जाळीचा देव व राजूर

असईहून पूर्वेस, पूर्णा–केळणा संगमावर वसलेले जाफराबाद जाफर खान या मुघल सरदाराच्या नावाने ओळखले जाते. तटबंदीचे अवशेष व जुन्या मशिदी येथे आहेत. भोकरदन तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगरकुशीत जयदेववाडी येथील 'जाळीचा देव' हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान असून चक्रधरस्वामींच्या तेथील वास्तव्याची कथा पंथात सांगितली जाते. नावातील 'जाळी' म्हणजे झाडोऱ्याची दाट जाळी. पावसाळ्यात हा परिसर हिरवागार होतो. याच तालुक्यातील राजूर येथील गणपती महाराष्ट्रातील साडेतीन गणेशपीठांपैकी एक मानला जातो. अंगारकी चतुर्थीस येथे मोठी गर्दी होते, त्यामुळे त्यास उपेक्षित म्हणता येणार नाही.

जालना शहर

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जालना शहराच्या नावाविषयी दोन कथा आहेत. एका कथेनुसार रामायणकाळी त्याचे नाव जनकपूर होते, तर दुसरीनुसार एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, व्यवसायावरून ते जालना झाले. 'जालना सोने का पालना' ही म्हण शहराच्या व्यापारी समृद्धीची द्योतक आहे.

निजामशाही काळातील अधिकारी जमशेद खान याने येथील काळी मशीद, हमामखाना, सराई व मोती तलाव उभारल्याचे मानले जाते. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलचे काही काळ येथे वास्तव्य होते, असे सांगितले जाते. नोव्हेंबर १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जालना लुटले. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ मुघल फौजेने गाठल्याने मोठी लढाई झाली, तीत सिधोजी निंबाळकर पडले आणि बहिर्जी नाईक यांनी आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर नेले. त्यानंतर त्या किल्ल्यास विश्रामगड हे नाव मिळाले. शहराचा किल्ला व गढी १७२५ मध्ये निजामाच्या आज्ञेने काबिल खान याने बांधली. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तसेच रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली.

शहराच्या उत्तरेस घाणेवाडी येथे निजामकाळात बांधलेला जलाशय आहे. संत गाडगेबाबा जलाशय असे त्याचे नाव असून उंचीवर असल्याने त्याचे पाणी पंपाविना शहरास येते. गाळाने त्याची साठवण घटत गेली, तेव्हा नागरिकांनी एकत्र येऊन लोकवर्गणीतून गाळ काढण्याचे काम हाती घेतले. हाच गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. हिवाळी पक्ष्यांच्या निरीक्षणासाठी हे शहराजवळचे उत्तम ठिकाण आहे. पाणलोट विकासासाठी प्रसिद्ध असलेले कडवंची हे गाव जालना तालुक्यातच असून अवर्षणप्रवण माळावर तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या आहेत.

अंबड, जांब व गोदाकाठ

अंबड येथील मत्स्योदरी देवीचे मंदिर माशाच्या आकाराच्या टेकडीवर आहे, त्यावरूनच देवीस हे नाव मिळाले. नवरात्रात येथे यात्रा भरते. अंबड दीर्घकाळ होळकरांच्या जहागिरीत होते. तेथील खंडोबा मंदिर व पायऱ्यांची बारव अहिल्यादेवी होळकरांच्या काळातील असल्याचे सांगतात. तालुक्यातील रोहिलागड येथे किल्ल्याचे व खोदकामाचे अवशेष आहेत. गोदावरीकाठच्या शहागड येथे जुन्या तटबंदीच्या खुणा दिसतात. पलीकडच्या तीरावरील बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला होता.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव असून ते आता जांब समर्थ म्हणून ओळखले जाते. सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांचे पुत्र नारायण यांचा जन्म येथे शके १५३० (इसवी सन १६०८) मध्ये रामनवमीच्या दिवशी झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील राममंदिरातून पंचधातूच्या पुरातन मूर्ती चोरीस गेल्या. पुढील काही महिन्यांत पोलिसांनी आरोपींना पकडून मूर्ती हस्तगत केल्या. खेड्यातील मंदिरांमधील धातुमूर्तींची छायाचित्रे व मोजमापे नोंदलेली नसल्यास चोरीनंतर ओळख पटवणे किती अवघड होते, हा प्रश्न या घटनेमुळे पुढे आला.

प्रवास

जालना व परतूर ही मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील स्थानके आहेत. जालना–मुंबई वंदे भारत एक्सप्रेस ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. भोकरदन, अन्वा व असई ही स्थळे स्वतःच्या वाहनाने एका दिवसात पाहता येतात. आष्टी, परतूर व जांब समर्थ यांसाठी वेगळा दिवस ठेवावा. अन्वा व असई येथे भोजनाची वा निवासाची सोय गृहीत धरू नये. मुक्कामासाठी जालना सोयीचे ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा चिखलाच्या होतात आणि केळणेस अचानक पूर येऊ शकतो, म्हणून नदीचा उतार पाहण्यास जाताना गावकऱ्यांना विचारूनच पात्रात उतरावे.